आप्पा, झाकण उघडून पाहिलं

ब्रेमेन, जर्मनी,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला फोनवर मी नव्या कॉम्प्युटरची किंमत सांगितली आणि तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, "साडेसातशे युरो म्हणजे पाऊण लाखाच्या वर गेले की. झाकण उघडून बघितलंस का, आत काय भरलंय?" तेवढ्यात आईनं फोन घेतला, चकल्या खुसखुशीत झाल्या का विचारलं, आणि विषय तिथंच राहिला. तुमचा प्रश्न मात्र महिनाभर माझ्याबरोबर आहे. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे उत्तर घाईत देण्यासारखंही नाही, म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा.

हो आप्पा, उघडून बघितलं. त्याच्याआधी, घ्यायचा का होता ते सांगते.

2017 साली तुम्ही घेऊन दिलेल्या लॅपटॉपनं मला डिग्रीपर्यंत आणि पुढे इथपर्यंत आणलं. त्याच्या प्रोसेसरला, म्हणजे गणित करणाऱ्या मुख्य चिपला, दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. रॅम, म्हणजे चालू कामाचे आकडे हाताशी ठेवायची मेमरी, 8 जीबी. प्रबंधासाठी मला पवनचक्कीच्या पात्याभोवती वारा कसा वाहतो त्याचं गणित करायचं असतं. पात्याभोवतीची हवा लहान लहान घरांत वाटायची, माझ्या जाळीत अशी सुमारे 20 लाख घरं आहेत, आणि प्रत्येक घरातला दाब आणि वेग पुन्हा पुन्हा काढत राहायचं, आकडे स्थिर होईपर्यंत. लॅपटॉपला एका वेळेला सव्वानऊ तास लागायचे. रात्री त्याच्याखाली दोन लाकडी उलथणी सारून ठेवायची, म्हणजे खालून हवा लागेल. सकाळी उठून बघावं तर सुरुवातीचा एक आकडा चुकलेला, की पुन्हा सव्वानऊ तास. सरांनी सहा आकारांची पाती पुन्हा पुन्हा तपासायला सांगितली तेव्हा मी कॅलेंडर बघितलं आणि लक्षात आलं की अशानं मार्च उजाडेल.

दुसरं कारण विंडोज 10 चं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबरला थांबवला. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल कंपनीचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि विंडोज 11 ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. दुकानदार मात्र "14 तारखेनंतर जुनं मशीन बंद पडेल" असं सांगत होते, ते खरं नाही. मशीन चालतं, फक्त सुरक्षेची अपडेट यायची थांबतात. त्या भीतीपोटी मी पैसे घातले नाहीत. घातले ते त्या सव्वानऊ तासांसाठी.

आता घेतलं काय ते. इथल्या जाहिरातीत निम्मे डेस्कटॉप खेळणाऱ्या पोरांसाठी असतात, काचेची बाजू, आत रंगीत दिवे, आणि किमतीतला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे खेळातली चित्रं भराभर काढणाऱ्या वेगळ्या भागाचा. माझं गणित प्रोसेसर आणि रॅमवर चालतं, ग्राफिक्स कार्ड त्यात नुसतं बसून राहिलं असतं. म्हणून मी ते वगळलं. घेतला तो काळा, साधा, दिवे नसलेला डबा. आत एएमडी कंपनीचा रायझन 7 7700 प्रोसेसर, आठ कोअर, 2023 साली बाजारात आलेला. पडद्यापुरतं चित्र दाखवायची सोय त्या प्रोसेसरमध्येच आहे. रॅम 16 जीबी, फायली साठवायला एक टीबीची एसएसडी, विंडोज 11 सकट 749 युरो. त्यात 19 टक्के कर धरलेला आहे, म्हणजे जवळजवळ 120 युरो सरकारचे.

डबा आला 30 सप्टेंबरला, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी स्क्रू-ड्रायव्हरला हळदकुंकू लावलं, एक फूल वाहिलं, आणि मग त्याच स्क्रू-ड्रायव्हरनं बाजूचं झाकण काढलं. तेव्हा मला आपल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातला तो दिवस आठवला. मसूरच्या त्या शेतकऱ्यानं दुसरीकडून स्वस्तात नवी तार भरून आणलेली पाच एचपीची मोटार. तुम्ही ती नुसती उचललीत आणि म्हणालात, "हलकी लागतीय." मग कव्हर खोलून तारेच्या एका टोकाला ब्लेड घासलंत. वरून तांब्याचा रंग, खाली पांढरी फटक ॲल्युमिनियम. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरले नाही. आठवीत होते मी.

डब्यातही मी तसंच करायचं ठरवलं. जाहिरातीचा कागद डाव्या हातात, टॉर्च उजव्या हातात, आणि एकेक भाग जुळवत गेले. प्रोसेसर बरोबर. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, बरोबर. एसएसडी बरोबर. दोन गोष्टी अडल्या.

पहिली पॉवर सप्लायची. सगळ्या भागांना वीज वाटणारा हा खोका, तुमच्या भाषेत घरातला मेन बोर्डच. कागदावर लिहिलं होतं 500 वॅट, 80 प्लस ब्रॉन्झ. ही 80 प्लस म्हणजे कार्यक्षमतेची प्रमाणपत्रं असतात, घेतलेल्या विजेपैकी किती कामाला येते आणि किती नुसती उष्णता होऊन जाते त्याची. आतल्या खोक्यावर 500 वॅट होतं, पण ब्रॉन्झ तर सोडाच, कसलीच खूण नव्हती, कंपनीही वेगळी. हातात घेऊन बघितला तर हलका लागला. तुमचे शब्द कानात आले आणि मला खरंच राग आला. दिसणारे भाग सगळे चोख, आणि कोणी उघडून बघणार नाही त्या ठिकाणी हात आखडलेला. या भागात बचत करायचीच नसते, कारण तो जळताना एकटा जळेल याची खात्री नसते.

मी त्या खोक्याचा आणि जाहिरातीचा फोटो जोडून दुकानाला मेल लिहिली. आप्पा, इथला कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत कारण न सांगता परत करता येते. त्यानंतरही दोन वर्षं दोषाची जबाबदारी विकणाऱ्याची. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग असा की पहिल्या वर्षात काही बिघडलं तर दोष मुळात नव्हता हे दुकानानं सिद्ध करायचं, आपण नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, चूक झाली, 25 युरो परत घ्या किंवा कागदाप्रमाणे पॉवर सप्लाय घ्या. मी पॉवर सप्लाय घेतला. तुम्हीही तोच घेतला असता.

दुसरी गोष्ट रॅमची, आणि इथं दुकानानं खोटं काही लिहिलं नव्हतं, मीच नीट वाचलं नव्हतं. 16 जीबी होती, पण एकाच पट्टीत. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये दोन वाटा असतात. पट्टी एक असेल तर एकच वाट चालू, दुसरी नुसती मोकळी पडून. माझ्या पट्टीच्या गतीला एका वाटेनं सेकंदाला जास्तीत जास्त 41.6 जीबी जातात, दोन वाटांनी 83.2. एरवीच्या कामाला, पत्र लिहायला, पिक्चर बघायला याचा फरक जाणवत नाही. पण वाऱ्याच्या गणितात प्रोसेसर सारखा रॅमकडे माल मागत असतो. आठ कामगार ठेवायचे आणि त्यांना तार पुरवायला पोऱ्या एकच, तशी गत. आठातले निम्मे हात चोळत बसणार.

म्हणून 50 युरो घालून तशीच दुसरी पट्टी मागवली. ती बसवायचा दिवस मी विसरणार नाही. हीटर सुरू झाले की खोलीतली हवा कोरडी पडते, स्वेटर काढला तरी ठिणगी उडते, आणि तेवढ्या ठिणगीनं चिप मरू शकते. स्वेटर काढून ठेवला, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, आणि पट्टी दोन्ही टोकांनी दाबली. एका बाजूनं कट्ट आवाज आला, मग दुसऱ्या बाजूनं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळाच. मी पलंगाच्या कडेवर बसून देवाचं नाव घेत होते. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. नंतर वाचलं की या नव्या जातीच्या रॅममध्ये पट्टी बदलली की मशीन पहिल्यांदा तिची चाल जुळवून घेतं, त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून मध्येच बटण बंद केलं नाही हे नशीब.

त्याच रात्री तेच पातं, तीच 20 लाख घरं मोजायला लावली. लॅपटॉप सव्वानऊ तास. नवा कॉम्प्युटर एका पट्टीवर साडेतीन तास. दोन पट्ट्यांवर दोन तास दहा मिनिटं. मी दोनदा चालवून बघितलं, कारण माझा विश्वास बसेना. 50 युरोच्या पट्टीनं मला जे दिलं ते शे-दीडशे युरो जास्त मोजून घेतलेल्या प्रोसेसरनंही दिलं नसतं.

आता तुमच्या पद्धतीनं माल आणि मजुरी वेगळी काढते. घेतला त्या आठवड्यात हेच भाग सुट्टे घेतले असते तर प्रोसेसर 225, मदरबोर्ड 115, रॅमची पट्टी 50, एसएसडी 60, पॉवर सप्लाय 45, रिकामा डबा 50. झाले 545. विंडोज सुट्टं घेतलं तर 145, म्हणजे 690. वर राहिले 59 युरो. तेवढ्यात जोडणी, तपासणी आणि दोन वर्षांची जबाबदारी. विंडोज दुकानाला माझ्यापेक्षा स्वस्त पडत असणार, तेव्हा त्यांचा नफा 59 हून जास्त असेल, तो असू दे. पॉवर सप्लाय बदलून मिळाल्यावर हा सौदा माझ्या मते रास्त आहे. बदलून मिळाला नसता तर मी डबा परत पाठवला असता, आणि तसं मेलमध्ये लिहिलंही होतं.

विजेचं तुम्ही विचारालच. भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावून मोजलं. नुसता चालू असताना 45 वॅट, गणित चालू असताना 130 च्या आसपास. माझा दर युनिटला 36 सेंट. एका पात्याचं एका वेळचं गणित दहा सेंटला पडतं, म्हणजे जेमतेम दहा रुपये.

आणखी एक गोष्ट झाली, ती माझ्या हुशारीची नाही. मी पट्टी घेतली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तीच पट्टी आता दुपटीहून वर गेली आहे. जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे त्यांचे कारखाने वळले आहेत. घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला माल कमी. तांब्याचा भाव चढला की तुम्ही सकाळी पेपर उघडून आधी ते पान बघायचात, तशी मी हल्ली रॅमचा भाव बघते.

हे सगळं लिहायचं दुसरं कारण काकांचा ओंकार. त्याला कोणीतरी 18 हजारांत "आय-सेव्हन" देतोय म्हणाला. आप्पा, त्याला सांगा, आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरच्या नुसतं घराण्याचं नाव आहे, पिढी कितवी ते विचार. आकडा 4770 असेल तर तो चौथ्या पिढीचा, 2013 सालचा, चार कोअरचा. 2022 सालचा आय-थ्री 12100, त्यालाही चारच कोअर, पण त्याच्यापेक्षा जोरात पळतो. शिवाय चौथ्या पिढीला विंडोज 11 चा आधार नाही. ऑफिसांतून निघालेली जुनी मशीनं नवा डबा चढवून विकतात. जुनं घेण्यात वाईट काही नाही, पण मग पैसे जुन्याचे द्यावेत. आठव्या पिढीच्या पुढचं आणि रॅम दोन पट्ट्यांत असेल तर त्याच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला भरपूर आहे. पक्कं बिल घ्यायला लावा. 18 टक्के जीएसटी चुकवायला कच्च्या पावतीवर घेतलं तर पुढं वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. कॉम्प्युटरमधलं मला काय कळतंय म्हणाल, पण पॉवर सप्लाय हातात घेतलात की तुम्हाला कळेल.

इकडे साडेचारलाच अंधार पडतो. पुण्याचं आणि या शहराचं जुनं नातं आहे, औंधात त्याच्या नावाचा चौक आहे, हे परवा लॅबमधल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिला फार अप्रूप वाटलं. आईला सांगा, चकल्या शेवटपर्यंत खुसखुशीत राहिल्या. सहापैकी चार पाती मोजून झाली आहेत, दोन या आठवड्यात होतील. काका-काकूंना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुमची,
सुमी

ता. क. ओंकारला म्हणावं, बयाणा द्यायच्या आधी झाकण काढून दोन फोटो पाठव, एक रॅमच्या पट्ट्यांचा आणि एक पॉवर सप्लायवरच्या लेबलचा. लेबलवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मी त्याच रात्री बघून कळवते.