विळ्यावरचे तांबे आणि दहावीचे धातुविज्ञान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या विज्ञानातील धातुविज्ञानाचा पाठ अनेक शाळांमध्ये ज्या रीतीने उरकला जातो, त्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून पालक व शिक्षकांशी बोलावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी निफाड तालुक्यातील निवृत्त विज्ञान शिक्षक आहे.

शेजारची दहावीतील मुलगी मध्यंतरी अडलेले प्रश्न घेऊन घरी आली होती. तिच्या प्रयोगवहीत सुंदर अक्षरात लिहिलेले होते : ‘मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार) द्रावणात लोखंडी खिळा ठेवल्यास द्रावणाचा निळा रंग फिका होतो व खिळ्यावर तांबूस थर जमतो.’ खाली शिक्षकांची सही होती. रंग किती वेळाने फिका झाला, असे मी सहज विचारले, तेव्हा ती गप्प झाली. खिळा तिने पाहिलाच नव्हता. निरीक्षण फळ्यावरून उतरवून घेतले होते आणि प्रयोगशाळेचे कुलूप वर्षभरात उघडले नव्हते. मला वाईट वाटले ते अधिक एका कारणासाठी. हाच प्रयोग तिचे वडील दरवर्षी तिच्या डोळ्यांसमोर करतात, आणि तो तोच प्रयोग आहे हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक तयार करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे एक टक्क्याचे प्रमाण आमच्याकडे सर्वांना तोंडपाठ असते. फवारणीपूर्वी घासून स्वच्छ केलेला लोखंडी विळा त्या मिश्रणात थोडा वेळ बुडवून धरतात. पाते तांबूस झाले, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात, कारण मोकळे राहिलेले तांबे कोवळी पाने करपवते. चुना पुरेसा असला की सगळे तांबे न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकते आणि पाते जसेच्या तसे राहते. तांब्यापेक्षा लोखंड अधिक अभिक्रियाशील आहे, म्हणून ते स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर काढते. पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. चीनमध्ये सुंग राजवटीत खाणींतल्या निळ्या पाण्यात लोखंड टाकून याच रीतीने मोठ्या प्रमाणावर तांबे मिळवत असत.

अभिक्रियाशीलतेची ही उतरंड, म्हणजे अधिक अभिक्रियाशील धातू वर आणि कमी अभिक्रियाशील खाली हा क्रम, मुलांच्या मनात एकदा पक्की बसली, की धातूंच्या निष्कर्षणाच्या, म्हणजे खनिजातून धातू वेगळा काढण्याच्या, निरनिराळ्या पद्धती वेगवेगळ्या पाठ करण्याची गरजच उरत नाही. सोने तळाशी आहे, म्हणून ते निसर्गात मोकळे सापडते. लोखंड मधे आहे, म्हणून त्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळसा काढून घेऊ शकतो. ॲल्युमिनियम कार्बनच्याही वर बसले आहे, म्हणून तेथे कोळशाची नेहमीची भट्टी चालत नाही आणि विजेला शरण जावे लागते. नुसत्या ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, वितळणबिंदू २००० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. तो क्रायोलाइट या वितळवलेल्या खनिजात विरघळवला, तर साधारण ९५० अंशांवर काम भागते. ही युक्ती १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू यांना स्वतंत्रपणे सुचली, तेव्हा दोघेही विशीतले तरुण होते. आजही एक किलो ॲल्युमिनियमसाठी सुमारे १४ युनिट वीज खर्च होते, आणि भंगारातून तेच परत मिळवायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज आहे, पण त्याचा धातू होण्यासाठी एवढी वीज लागते, हे मुलांना समीकरणाबरोबरच सांगायला हवे.

मात्र माझ्या मते या सगळ्या पाठात सर्वांत विलक्षण गोष्ट जस्ताची आहे, आणि नेमकी तीच वर्गात दोन ओळींत संपते. जस्ताच्या ऑक्साइडचे क्षपण, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणे, कोळशाने होते खरे, पण त्यासाठी भट्टी सुमारे १००० अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे ते लोखंडासारखे भट्टीच्या तळाशी न राहता वाफ होऊन धुराबरोबर निघून जाते आणि वाटेत हवा मिळाली की पुन्हा पांढरी भुकटी होऊन बसते. उदयपूरजवळच्या झावर येथील कारागिरांनी मध्ययुगातच हे कोडे सोडवले होते. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत धातुक (जस्ताचे खनिज) भरून, तिच्या तोंडाला मातीचीच नळी जोडून ती भट्टीत उलटी बसवत. सच्छिद्र तळाच्या वर जाळ आणि खाली थंड कप्पा अशी रचना असे. वाफ हवेचा स्पर्श न होता खाली उतरे आणि नळीत थंड होऊन द्रवरूप जस्त मिळे. अशा ३६ मुशी एका भट्टीत असत, आणि वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही तेथे आहेत. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे प्राचीन रसायनविद्येत, अशा मुशीला वृंताकमूषा असे नाव आहे. वृंताक म्हणजे वांगे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे (वाफ करून ती पुन्हा थंड करण्याच्या रीतीचे) पेटंट घेतले ते १७३८ साली. हे केवळ अभिमानापोटी सांगावे असे मी म्हणत नाही. उत्कलनबिंदू ही परीक्षेपुरती संख्या नसून तिच्यामुळे भट्टीची अख्खी रचना बदलते, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आणि हेच जस्त आमच्या द्राक्षांच्या मांडवाच्या तारांवर आहे. तारेला ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. येथेही नियम तोच, उतरंडीचाच.

साहित्य नाही, ही सबब शाळांनी पुढे करू नये. मोरचूद कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते, खिळे घरोघरी असतात आणि प्रयोगाला एक तासिका पुरते. मोरचूद विषारी असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि काचेच्या भांड्यातच करावा, इतकीच काळजी घ्यायची. प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकांनी वही बाजूला ठेवून विद्यार्थ्याच्या हाती खिळा आणि परीक्षानळी द्यावी, आणि समोर काय घडते आहे ते त्याच्या शब्दांत विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येकाने खिळा स्वतः बुडवल्याखेरीज वहीवर सही करणार नाही, असे शिक्षकांनी ठरवले तरी पुष्कळ होईल.

निफाड तालुक्यातील ज्या शाळांना गरज वाटेल, तेथे शनिवारी सकाळच्या शाळेत साहित्यासह येऊन हे प्रयोग मुलांकडून करून घेण्याची माझी तयारी आहे. त्याचे कोणतेही मानधन नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, निफाड तालुका, जि. नाशिक