सुतळीनं माप घेणाऱ्या काकांना

प्रिय काका,

नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "माझं नाव कुठं टाकू नको गो, मग रविवारीपण लोक येऊन बसतील." म्हणून नुसतंच काका. दारुखान्यात, जहाजांच्या भंगारातून निघालेल्या घंटा आणि लाइफ जॅकेटांच्या ढिगामागे तुमचं डायव्हिंगचं सामान दुरुस्त करायचं टेबल आहे, एवढंच सांगते. तेवढ्यावरून तुम्ही कुणाला सापडणार नाही. मलाही रे रोड स्टेशनपासून तिघांना विचारावं लागलं होतं.

परवा मालवणहून परतले. स्कूबाचे चार डाइव्ह झाले आणि जबडा दुखला नाही. फोनवर हे सांगितलं तर "बरा झाला" म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. माझं बोलणं राहिलंच.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. सिलिंडरात हवा 200 बारच्या आसपास दाबानं कोंबलेली असते. सिलिंडरच्या तोंडावर बसणारी रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा 9-10 बारच जास्त राहील इतका खाली आणते, आणि मग ती हवा उजव्या खांद्यावरून येणाऱ्या होजमधून, म्हणजे नळीतून, श्वास घ्यायला तोंडात धरतात त्या सेकंड स्टेजला पोचते. माझा होज सतत ओढायचा. मान डावीकडे वळवली की सेकंड स्टेज दातांतून निसटू बघायची, म्हणून मी ती चावून धरायचे. दुसऱ्या डाइव्हनंतर संध्याकाळी भाकरी चावायची सोय नसे. मालवणात जाऊन नुसता सोलकढी-भात खायचा, म्हणजे बघा.

ज्या दुकानातून सेट घेतला तिथं गेले. त्यांनी होज आणि सेकंड स्टेजच्या मध्ये बॉल स्विव्हल, म्हणजे सगळीकडे वळणारा सांधा, बसवून दिला. "आता कुठंही वळा, मॅडम." वळायचा तो, खोटं कशाला बोलू. पण ओढ तशीच राहिली, आणि पुढच्या ट्रिपला कानाशी बारीक बुडबुडे सुरू झाले. पुन्हा गेले. या खेपेला त्यांनी स्विव्हलच्या जोडीला क्विक डिस्कनेक्ट लावला. कॉलर मागे सरकवली की सेकंड स्टेज हातात, धुवायला सोपी, बॅगेत भरायला सोपी. आणि माझा जबडा? "लेडीज लोक जरा जोरात चावतात." एका प्रशिक्षकानं तर रोज च्युइंग गम खाऊन जबडा कमवायला सांगितलं. मी महिनाभर खाल्लं, हेही कबूल करून टाकते.

मार्चमध्ये, सहा मीटरवर, श्वास ओढला आणि तोंडात हवेऐवजी खारं पाणी आलं. कॉलरमध्ये वाळू जाऊन ती पुरती बसलीच नव्हती, आणि मान वळवताना होजच्या ओढीनं सुटली. ऑक्टोपस, म्हणजे अडीअडचणीसाठीची दुसरी सेकंड स्टेज, तोंडात घातला, वर आले. काही झालं नाही. हे "काही झालं नाही" मी घरी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी आईनं विचारलं, "झालं तरी काय?"

दुकानवाले म्हणाले, तुम्ही नीट लावलं नसणार. असेलही. पण असं काही श्वासाच्या वाटेवर बसवताना, ते सुटलं तर काय होतं हे आधी सांगायला नको?

तुमच्याकडे आले ती कोर्टात उभी राहिल्यासारखी तयारी करून. तारखा, पावत्या, फोटो. सेट टेबलावर ठेवून धडाधड सांगत सुटले. तुम्ही सेटकडे बघितलंच नाहीत. माझं बोलणं संपू दिलंत आणि विचारलंत, "तुका खंय दुखता?"

काका, माझी आजी असं विचारायची. तापात कपाळावर हात ठेवून, याच शब्दांत. तिच्यानंतर आमच्या लालबागच्या घरात मालवणी बोलणारं कुणी उरलं नाही.

मी उजव्या कानापुढे बोट ठेवलं. तुम्ही एका पार्सलची सुतळी सोडलीत, पोऱ्याला माझ्या पाठीशी सिलिंडर धरायला लावलंत, आणि सुतळीचं एक टोक व्हॉल्व्हपाशी, दुसरं माझ्या ओठांशी. "डावीकडे बघ. उजवीकडे. आता वर, डोक्यावर होडी आहे की काय बघतेस तशी." दर वेळी सुतळी चिमटीतून सरकवत नेलीत, आणि जिथं सर्वांत लांब गेली तिथं गाठ. शाळेचा गणवेश शिवणारा शिंपी माप घ्यायचा ना, अगदी तसं. मग ती सुतळी माझ्या होजशेजारी धरलीत. होज चार बोटं आखूड होता.

चार बोटं! सहा महिने सगळे त्या होजच्या टोकाला काही ना काही जोडत होते, आणि होज माझ्या अंगाला पुरतो का हे कुणी बघितलं नव्हतं. मला रडू आलं. तुम्ही ते बघितलंत, आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळून स्वतः पाठमोरे होऊन उगाच पाने-पकडी लावत बसलात.

पुढचं मला धड आठवत नाही. लांब होज लागला, मधलं सगळं निघालं. तुम्ही सांगितलेलं मात्र लक्षात आहे. स्विव्हल वाईट नाही, पण सांधा वाढला की ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, वाढते, म्हणजे गळायला आणखी एक जागा. क्विक डिस्कनेक्ट डायव्हिंगच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरला असतोच, तो खुशाल असू दे, सुटला तर जॅकेट तोंडानं फुगवता येतं. "पण तोंडातलोच सुटलो तर?" एवढं विचारून तुम्ही भुवया उंचावल्यात. काढलेला स्विव्हल काडेपेटीत घालून माझ्या हातात दिलात, "तुझ्या पैशाचो आसा." बिलात फक्त होज. मापाचं काय, म्हटलं तर हसलात. "सुतळीचे कोण पैसे घेतं?"

तुम्ही कितीतरी वर्षं गोदीत जहाजांच्या बुडाखाली काम केलंत. आपल्या बंदराच्या त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून. आधी चाचपायचं, मग पाना लावायचा, ही सवय तुम्हाला तिथं लागली असेल. की मुळातलीच? नागदेवी स्ट्रीटवर एका दुकानदारानं अशीच भर गर्दीत माझी एकुलती एक ओ-रिंग नखावर घेऊन मापली होती, आणि विक्री किती झाली, तर दोन रुपयांची. या शहरात अशी माणसं बहुधा गल्लीच्या आतल्या अंगाला बसतात आणि त्यांना बोर्ड लावायचं सुचत नाही.

मालवणच्या बाजारातून तुमच्यासाठी खाजं आणलंय, गुळाचं, आलं घातलेलं. शनिवारी दुपारी घेऊन येते. डायबेटीस आहे वगैरे सांगू नका, चहात तीन चमचे साखर घालताना मी बघितलंय. आणि सुतळी परत मिळणार नाही. ती माझ्या डाइव्ह बॅगेत आहे, गाठीसकट.

तुमची,
लालबागची रडकी