भट्टीवरच्या दादा, आमच्या आप्पांसाठी तुमचे आभार

दादा,

दांडेलीला तुमच्या लाकडाच्या भट्टीवरचा पिझ्झा खायला आम्ही बेळगावहून आलो होतो, खानापूर-अळणावर-हल्याळ करत. तुम्हाला आठवणार नाही कदाचित. काळी नदीत राफ्टिंग करून आलेली भुकेली पोरं दारात ताटकळत होती आणि भट्टीपुढे तुम्ही एकटे. काठी टेकत आत आलेले म्हातारे, ते माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला. चारचौघांत डाव्या हातानं जेवायचं म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यात एका नावाजलेल्या हॉटेलात त्यांच्या हातून सांबार सांडलं, तर मॅनेजरनं आम्हाला उठवून हात धुण्याच्या बेसिनजवळ बसवलं. वर म्हणाला, "पुढच्या वेळी पार्सलच न्या की." चकचकीत फरशी, एसी सगळं होतं, माणुसकीचा पत्ता नव्हता. तेव्हापासून आप्पा लग्नाकार्यातही "भूक नाही" म्हणून पंगत टाळायचे. तुमच्याकडे आले तेही नातवानं हट्ट धरला म्हणून.

अशा भट्टीची आच चारशे अंशांच्या वर, पिझ्झा दीड-दोन मिनिटांत बाहेर. कड फुगलेली, काळ्या डागांची, पण मधला भाग मऊ आणि ओलसर राहतो. त्रिकोणी तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं, दुसऱ्या हाताचा आधार द्यावाच लागतो. आप्पांचा पहिलाच तुकडा शर्टावर पडला. त्यांनी ताट पुढं सरकवलं. आम्हा कुणाला काही बोलायला सुचेना.

तुम्ही ते तिथून कसं पाहिलंत, देव जाणे. जाळाकडची बाजू करपू नये म्हणून पिझ्झा सारखा फिरवावा लागतो, तुमची नजर तर भट्टीतच हवी. पुढचा पिझ्झा तुम्ही स्वतः घेऊन आलात. सुपारीएवढे चौकोनी तुकडे, एका हातानं उचलता येतील असे. मी आभार मानायला तोंड उघडते तोवर मुलाचा आला, माझा आला, ह्यांचा आला. सगळे तसेच बारीक कापलेले. "इथं असंच खातात," एवढं कानडी वळणाच्या मराठीत बोललात आणि परत भट्टीकडे गेलात.

एकट्या आप्पांचा कापून दिला असता ना, तर त्यांनी त्याला हात लावला नसता, मी त्यांना ओळखते. सगळे तसंच खाताहेत म्हटल्यावर ते खाली मान घालून खात राहिले, डाव्या हातानं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग नातवाच्या ताटातला एक उचलला. माझे डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

आपल्या सीमाभागात भाषेवरून माणसं एकमेकांना किती टोचतात. तुम्ही कानडी, आम्ही मराठी, पण त्या टेबलापाशी हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मदत करताना समोरच्याची मान खाली जाऊ नये, एवढी जाण असलेली माणसं मी फार थोडी पाहिलीत. बिलात काही कमी केलं नाहीत, तेही बरं केलंत. आप्पांना ते आवडलं नसतं.

दांडेलीला परत कधी जायचं, हे आता तेच विचारतात. या खेपेला गर्दी नसेल अशा वेळी येऊ. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. बोलणं अजून जरा अडखळतं, पण तुम्ही थांबाल याची खात्री आहे.

आप्पांची थोरली,
बेळगाव