व्हिएन्नाचा नाताळ २४ तारखेच्या दुपारी आवरतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळच्या सुटीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती आता पुरवण्यांत पानपानभर येऊ लागल्या आहेत. 'व्हिएन्नात नाताळ साजरा करा' असे वर ठळक अक्षरांत छापलेले असते. खाली बारीक टायपातला कार्यक्रम वाचावा, तर गट २४ डिसेंबरला संध्याकाळी उतरणार, २५ला 'शहरदर्शन आणि नाताळ बाजार', २६ला पुढच्या शहराकडे रवाना. पैसे भरण्याआधी वाचकांना यातली मेख कळायला हवी, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रियात नाताळ हा घरात बसून करायचा सण आहे. झाडावरचे दिवे २४च्या संध्याकाळी लागतात, भेटवस्तूही तेव्हाच उघडल्या जातात. त्या दिवशी दुकाने कायद्यानेच दुपारी २ पर्यंत बंद होतात, उपाहारगृहेही बहुतेक लवकर शटर ओढतात. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुटी. रविवारी तिथली दुकाने एरवीही उघडत नाहीत. २०२६मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन दिवस बाजारपेठ बंद. दूध-ब्रेड मिळेल तो मोठ्या रेल्वे स्थानकांतल्या मोजक्या दुकानांत, तोही रांगेत उभे राहून. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल, तर वाणसामान २४च्या सकाळीच भरून ठेवावे आणि रात्रीच्या जेवणाचे टेबल काही आठवडे आधी राखून ठेवावे.

आता बाजारांचे. डिसेंबरात बाजार भरवण्याची परवानगी या शहरात १२९६ सालापासूनची सांगितली जाते. नगरभवनासमोरचा, राटहाउसप्लात्सवरचा बाजार मात्र तिथे १९७५ पासून भरतो. नोव्हेंबरच्या मध्याला हे बाजार सुरू होतात. फ्रायुंग, आम होफ, श्पिटलबेर्ग, कार्ल्सप्लात्स इथले बाजार साधारण २३ला गुंडाळले जातात. राटहाउसचा २६ पर्यंत चालतो, पण २४ला संध्याकाळी लवकर मिटतो. आमच्या मते पाहण्यासारखे बाजार पहिल्या चारांतलेच. कार्ल्सप्लात्सला कारागीर स्वतः गाळ्यावर असतात आणि श्पिटलबेर्गच्या अरुंद गल्ल्यांत जुन्या घरांच्या मधोमध गाळे लागतात. राटहाउसचा बाजार फोटोला झकास, पण संध्याकाळी ५ नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेतीनला पोहोचावे. दिवे लागतानाही दिसतात आणि गर्दी उसळण्याआधी बाहेरही पडता येते.

गरम पेयाच्या कपासाठी चार-पाच युरो अनामत घेतात. कप परत केला की पैसे परत, पण त्याच बाजारात. एका बाजाराचा कप दुसऱ्या बाजारात घेत नाहीत. पुन्श या गरम पेयात दारू असते. मुलांसाठी किंडरपुन्श मागावे. सुटे पैसे जवळ असू द्यावेत, कारण कार्ड प्रत्येक गाळ्यावर चालेलच असे नाही.

शाकाहारी मंडळींची फसगत इथे मांसापेक्षा रश्शात जास्त होते. रव्याच्या गोळ्यांचे ग्रीसनॉकर्ल सूप किंवा धिरड्याच्या पट्ट्या घातलेले फ्रिटाटन सूप दिसायला निर्मळ असते, पण खालचे पाणी बहुधा गोमांसाचे असते. लाल कोबीच्या भाजीतही कधी कधी डुकराची चरबी असते. बटाट्याच्या कार्टोफेलपुफरमध्ये अंडे असते. भाजलेले चेस्टनट म्हणजे मारोनी मात्र बिनधास्त घ्यावेत. व्हॅनिलेकिप्फर्ल ही चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटेही सहसा बिनअंड्याची असतात, तरी एकदा विचारून घेतलेले बरे. घरी करायची तर २८० ग्रॅम मैदा, २१० ग्रॅम थंड लोणी, १०० ग्रॅम बदामाची पूड आणि ७० ग्रॅम पिठीसाखर एवढेच लागते. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. लोणी मऊ पडले की चंद्रकोरी भट्टीत पसरून सपाट होतात. १८० अंशांवर १० ते १२ मिनिटे पुरतात, रंग बदलायच्या आत बाहेर काढाव्यात. व्हॅनिलाची साखर गरम असतानाच चिकटते, पण अगदी उतरल्याबरोबर हात लावला तर नानकटाईसारखा भुगा होतो. दोन-तीन मिनिटे दम धरावा.

मग २४च्या रात्रीपासून २६ पर्यंत करायचे काय? या दिवसांत शहर बंद असले तरी संगीत आणि चित्रे बंद नसतात, आणि सहल कंपन्या नेमके हेच वगळतात. मध्यरात्री श्टेफान्सडोम या शहराच्या मुख्य चर्चमध्ये प्रार्थना असते. तासभर आधी गेले तर आत उभे राहायला जागा मिळते. मोठ्या सणांना इथे पुमेरिन ही घंटा वाजते. तुर्कांनी शहराला घातलेल्या १६८३च्या वेढ्यात त्यांच्याकडून हस्तगत केलेल्या तोफा वितळवून १७११ साली ती ओतली होती. १९४५च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच तुकड्यांतून १९५१मध्ये आजची सुमारे २० टनांची घंटा घडवली गेली. सुटीच्या आदल्या रात्री मेट्रो रात्रभर धावते, त्यामुळे परतीची काळजी नको. २५ला सकाळी ११ वाजता ऑगस्टिनर चर्चमध्ये जावे. रविवारी आणि मोठ्या सणांना तिथल्या प्रार्थनेत हेडन, मोझार्ट, शुबर्ट यांच्या रचना पूर्ण वाद्यवृंदासह होतात, प्रवेशाला तिकीट नाही. ही मैफल नव्हे, उपासना आहे. टाळ्या वाजवू नयेत, मोबाइल वर धरू नये आणि थाळीत काही तरी टाकावे.

शॉनब्रुन राजवाडा वर्षाचे सगळे दिवस उघडा असतो, बेल्व्हेडेर हा चित्रसंग्रहाचा राजवाडाही सुटीला उघडा असतो. दोन्हीकडे वेळेचे तिकीट आधी काढावे. निसर्ग इतिहास संग्रहालय २५ला बंद असते. समोरच्या कलासंग्रहालयात, कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये, ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. त्यातल्या १५६५च्या 'हिमातले शिकारी' या एका चित्रासमोर अर्धा तास द्यावा. कुत्री माना टाकून चालली आहेत आणि एवढ्या शिकाऱ्यांच्या वाट्याला एकच कोल्हा आलाय. डावीकडे खाणावळीची पाटी एकाच कडीवर लोंबकळते आहे आणि खाली गोठलेल्या तळ्यावर माणसे घसरगुंडी खेळताहेत. शहरात नाताळला खरा बर्फ क्वचितच पडतो, तो इथे पाहून घ्यावा.

आपल्या शाळांची सुटी साधारण २५लाच सुरू होते, ही पालकांची खरी अडचण. त्यांनी नाताळ बाजारांचा हट्ट सोडून २६ ते १ जानेवारी असा बेत करावा. शॉनब्रुनसमोरचा बाजार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. गाळ्यांवर तेव्हा मार्झिपानची (बदामाच्या मिठाईची) गुलाबी डुकरे आणि चिमणी साफ करणाऱ्याच्या छोट्या बाहुल्या येतात. नव्या वर्षाचे शकुन म्हणून त्या एकमेकांना देतात. ३१ला मध्यरात्री पुमेरिनचे ठोके आणि पाठोपाठ 'ब्लू डॅन्यूब' वॉल्ट्झ, रस्त्यावरच लोक नाचू लागतात.

ऑपेरासाठी महाग तिकिटाची गरज नाही. श्टाट्सओपरमध्ये उभ्याच्या जागा अगदी स्वस्त असतात. जागा मिळाली की कठड्याला मफलर बांधून ठेवायचा, ती खूण सगळे मानतात. जाड कोट क्लोकरूममध्ये ठेवावाच लागतो आणि तीन तास उभे राहायचे असल्याने बूट आरामाचे हवेत. बाहेर मोझार्टचा टोप घालून तिकिटे विकणारे पर्यटकांसाठीच्या वेगळ्याच मैफलीची तिकिटे विकत असतात. मुझिकफेराइन या सभागृहातल्या १ जानेवारीच्या नववर्ष मैफलीची तिकिटे तर आधीच्या फेब्रुवारीत सोडतीने जातात. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ अशी पाच वेळा संचालित केली. 'मैफलीसह पॅकेज' विकणाऱ्याला तिकीट ३० तारखेच्या प्रयोगाचे आहे, ३१चे की १ जानेवारीचे, हे लेखी मागावे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीनंतर धावपळ करणाऱ्यांना भेटीची वेळच मिळत नाही. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. प्राग आणि बुडापेस्ट जोडले असेल, तर जिथे रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज, रात्री समान असतील तर जिथे प्रथम उतरणार तिथे. भेटीची वेळ चटकन मिळते म्हणून तिसऱ्याच देशाची खोटी हॉटेल नोंदणी दाखवा असे एजंट सुचवतात. त्यात अर्ज नामंजूर होतो आणि तो शिक्का पुढच्या अर्जालाही नडतो.

सहल कंपन्यांनी जाहिरातीतच प्रत्येक बाजाराची अखेरची तारीख छापावी, आणि आपल्या वृत्तपत्राने तशी अट घालावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे