भोंगा गप्प करून इंजिन थंड होत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत फिटर म्हणून नोकरी पूर्ण करून मी आता दिवाळे येथे राहतो आणि हौसेने एक लहान होडी बाळगतो. तिचे ४० अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन माझ्याकडे आले ते तिसरा मालक म्हणून. गेल्या हिवाळ्यात ऐरोलीकडून परतताना, ओहोटीचा जोर असताना, वाशीच्या पुलांच्या अलीकडे हे इंजिन काहीही सूचना न देता जड झाले आणि बंद पडले. पाणी होडीला पुलाच्या खांबांकडे ओढत होते. नांगर वेळेवर टाकता आला आणि तो लागला, म्हणून निभावले. घरी आणून हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडले तेव्हा वरच्या पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. इंजिन बराच वेळ तापत होते, तरी तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला नव्हता, कारण त्याची वायर कोणीतरी कापून टोकाला काळी टेप गुंडाळून ठेवली होती. दोष माझाही आहे. ज्याने आयुष्यभर पंप उघडले, त्याने विकत घेतलेले यंत्र पहिल्याच दिवशी तपासायला हवे होते.

जेट्टीवर चौकशी केली तेव्हा अशी वायर तोडलेली आणखीही इंजिने निघाली. तोडणाऱ्यांचे कारण ऐकले की त्यांचा रागही येत नाही. अनेक जुन्या इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने आपोआप मिसळले जाते. तो पंप दगा देईल या धास्तीने मालक तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल कालवतात; साधारण ५० लिटरला १ लिटर, अर्थात पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असेल तर ते. मग ऑइलची टाकी रिकामीच राहते, तिच्यातला सेन्सर इमाने इतबारे तक्रार करतो आणि भोंगा थांबत नाही. कंटाळून वायर तुटते. परंतु ऑइल आणि तापमान या दोन्ही सेन्सरांचा भोंगा बहुधा एकच असतो, हे तोडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशा वेळी पुस्तिकेतील वायरिंगचा नकाशा पाहून फक्त ऑइलच्या सेन्सरची जोडणी वेगळी करावी. हेडवरील तापमानाच्या सेन्सरला आणि भोंग्याला हात लावू नये. अनेक इंजिनांत सलग वाजणारा भोंगा तापल्याचे आणि थांबून थांबून वाजणारा ऑइलचे सांगतो, मात्र कंपनीगणिक ही भाषा बदलते.

आता इंजिन मुळात तापते कशाने, हे सांगायला हवे. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात होडी चालते तेच पाणी इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या पायाच्या जाळीतून आत ओढले जाते, गिअरच्या वर बसवलेला रबरी पात्यांचा इम्पेलर ते वर ढकलतो आणि ब्लॉकमधून फिरून ते पुन्हा बाहेर पडते. आपल्या खाडीचे पाणी म्हणजे गाळ, मीठ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी जाळीला चिकटली की पाणी एका क्षणात बंद होते. गाळ मात्र सावकाश, पण नेमाने, इम्पेलरची पाती आणि त्याचे घर झिजवतो. ओहोटीला उथळ पाण्यात पंखा चिखल उपसत होडी काढण्याची जी घाई आपण करतो, तिची किंमत हाच पंप मोजतो. त्यामुळे येथे इम्पेलर दरवर्षी बदलावा असे माझे मत आहे, मग तो वरकरणी कितीही चांगला दिसो. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात त्याची पाती वाकलेल्या स्थितीतच ताठर होतात. जुन्या इम्पेलरचे पाते तुटलेले आढळले तर त्याचा तुकडा शोधल्याशिवाय नवा बसवू नये, कारण तो तुकडा वरच्या वाटेत अडकून नव्या पंपाचेही पाणी अडवतो.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार पाहून आपण निर्धास्त होतो, आणि तेथेच फसतो. ती धार पंप चालू असल्याचे सांगते, संपूर्ण ब्लॉकमध्ये पाणी पोहोचल्याची ग्वाही देत नाही. उलट, धार नसली म्हणजे पंप गेलाच असेही नव्हे. कित्येकदा त्या छिद्रात केवळ चिखल बसलेला असतो आणि तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) जाड तुकडा घातला की काम भागते. इंजिन केव्हा तापते याकडे लक्ष दिले तर अधिक कळते. मंद गतीला तापत असेल तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी सोडणारी झडप) अडकल्याची किंवा इम्पेलर झिजल्याची शंका घ्यावी. केवळ वेगात तापत असेल तर जाळी अर्धवट बुजली आहे का, इंजिन फार उंच बसवले आहे का आणि वेग वाढल्यावर जादा पाणी सोडणारा झडपेचा भाग उघडतो का, हे पाहावे. थर्मोस्टॅट तपासायला पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्याने सोडावा. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट मॉडेलनुसार साधारण ५० ते ६२ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. तो काढून फेकणे हा उपाय नव्हे, कारण अति थंड चालणारे इंजिन कार्बन धरते.

सेन्सरच खोटे बोलत असल्याची शंका असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर हेडवर रोखून पाहावा (कोविडच्या काळात कपाळावर रोखला जाई तो येथे चालणार नाही, त्याची मजल तापापुरतीच असते). वायर सेन्सरपासून सोडवल्यावरही भोंगा वाजतच राहिला, तर ती कोठेतरी घासून इंजिनाच्या धातूला टेकली आहे किंवा तक्रार ऑइलच्या सेन्सरची आहे, असे समजावे. आणि खाडीत भोंगा वाजलाच, तर वेग कमी करून न्यूट्रलला यावे, धार पाहावी, धार नसेल तर इंजिन बंद करून पाय वर उचलावा आणि जाळी मोकळी करावी. तापलेल्या हेडवर बादलीने पाणी ओतू नये. धातूला तडा जाण्याची भीती असते.

हा विषय एका हौशी माणसाच्या होडीपुरता असता तर आपली जागा अडवली नसती. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर पाणथळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, दर्जा मिळाला. हंगामात पक्षी पाहायला येणारी मुले आणि वडीलधारी माणसे याच पाण्यात होडीत बसतात. म्हणून जेट्ट्या सांभाळणाऱ्या यंत्रणांकडे दोन मागण्या आहेत. प्रत्येक जेट्टीवर गोड्या पाण्याचा एक नळ द्यावा, म्हणजे परतल्यावर इंजिन धुऊन आतले मीठ आणि गाळ काढता येईल. आणि प्रवासी होडीची तपासणी करताना लाइफ जॅकेट मोजतात तसा भोंगाही वाजवून पाहावा. साध्या स्विचच्या सेन्सरमध्ये किल्ली चालू ठेवून सेन्सरची सोडवलेली वायर इंजिनाच्या कोऱ्या धातूला टेकवली की भोंगा वाजला पाहिजे. या कसोटीला अर्धे मिनिट लागते.

आपला,
एक वाचक
दिवाळे, बेलापूर, नवी मुंबई