यादी नाही, पत्रच

सांगली,
डिसेंबरअखेर

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप मिळाला. वर्षभरात काय वाचलं त्याची यादी मागतोस. यादी धाडली तर नुसती नावं बघशील, "यातलं निम्मं कॉलेजात वाचलंय" म्हणशील आणि विषय मिटवशील. तुला काय आज ओळखतो? म्हणून हे पत्र.

यंदा ठरवून आत्मचरित्रंच वाचली, तीही लेखक व्हायला न निघालेल्या माणसांची. मध्ये एका माजी पुढाऱ्याचं हाती आलं होतं. त्यांच्या आयुष्यात चुकलेलं फक्त दुसऱ्यांचंच. ते ठेवून दिलं आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घेतला.

कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार असं कानावर आलं, म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेत निघाला. तिकडे बंड पेटलं आणि फिरत फिरत हे दोघे झाशीत पोचले, ते नेमके वेढ्यात सापडायला. त्याला इतिहास बघायचा नव्हता, चार पैसे गाठीला बांधून घरी परतायचं होतं. म्हणूनच त्याच्या लिहिण्यात दक्षिणा किती मिळाली, कुठे लुटलं, पोटात काय पडलं हे सगळं येतं, आणि त्याच ओघात राणी लक्ष्मीबाई येते. घोषणा एकही नाही. शहर पडल्यावरची कत्तल सांगतो, तसंच वाड्यातल्या पुस्तकालयाची धूळधाण झाली हेही जीव तुटून सांगतो. कमावलेलं सगळं गेलं. पण पठ्ठ्यानं गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली आणि आईबापांना त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. ते पान मी रात्री दोनदा वाचलं.

भटजींनी हे लिहिलं 1883 मध्ये, इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापून आलं 1907 साली, त्यांच्या पश्चात. वैद्यांनी भाषेवर हात फिरवला, काटछाट केली. दत्तो वामन पोतदारांनी मूळ लेखन 1966 साली बाहेर आणलं. वाचणार असलास तर तेच वाच, थोडं अडखळायला होईल पण माणूस भेटेल.

त्यानंतर रमाबाई रानड्यांचं 1910 चं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. कोलकात्यात असताना त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे दाढी करून घेता घेता न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारायचे, हे वाचून मोठ्यानं हसलो, बायको बघायला आली. पण या बाई स्वतःबद्दल फार जपून बोलतात. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला छळ त्या सांगतात. नवऱ्याबद्दल मात्र तक्रारीचा सूर निघता निघता आदरात विरतो. त्या काळी दुसरं काही लिहिता आलं असतं असं वाटत नाही, तरी मला चुटपुट लागली.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी. वडिलांचं सोवळं इतकं की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. पुढे नवऱ्यानं 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, यांचं जग फाटलं, पाच वर्षांनी याही ख्रिस्ती झाल्या. एवढं भोगून बाई सगळ्यांची, आधी स्वतःची, टिंगल करतात. 'स्मृतिचित्रे'वर जास्त लिहीत नाही. तुलाही पाठ आहे.

खरं हलवलं ते बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'नं. फलटणला दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. असं वीसेक वर्षं. 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून येऊ लागलं, 1986 ला पुस्तक झालं. वीरगावच्या महारवाड्यातली उपासमार, अंगात येणं, बाबासाहेबांच्या शब्दासरशी जागी झालेली माणसं, आणि सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा. रमाबाईंकडे सासुरवास टोमण्यांचा, इथे पाय सोलून निघायचा. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली म्हणून हा फरक अंगावर आला.

या पुस्तकात 'आम्ही'च जास्त. आपल्या नवऱ्याची मारहाण बाईंनी पुस्तकात फारशी येऊच दिली नाही. त्याबद्दल त्या बोलल्या नंतर, इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. समाजाचं दुःख सांगायला बसलेय, माझं कशाला, असा काहीसा हिशेब असावा. तेव्हापासून मी प्रत्येक आत्मचरित्रात गाळलेलं काय असेल ते शोधत बसतो. पुढाऱ्यानंही गाळलं आणि बाईंनीही. पण एकानं स्वतःला मोठं दाखवायला, दुसरीनं स्वतःला बाजूला सारायला. यावर तू भांडशील, भांड. मला वाटतं न लिहिण्याचा हक्क बाईंचा होता. तरी वाचक म्हणून ती पानं हवी होती असंही वाटतं, आणि या दोन्हींचा मेळ काही बसत नाही.

पुढच्या वर्षी बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींच्या 'निवेदन' या आत्मचरित्रापासून सुरू करतोय. 'बालबोध' मासिकातलं बुद्धचरित्र वाचून घर सोडून निघालेला हा माणूस तुमच्या गोव्यातल्या सांखवाळचा. तू तिथून हाकेच्या अंतरावर राहतोस. पणजीत जुनी प्रत दिसली तर उचल, पैसे देईन.

आणि हो, माझं 'स्मृतिचित्रे' तुझ्याच कपाटात आहे. मला यंदा वाचनालयाची प्रत आणावी लागली, तीही उशिरा परत केल्याबद्दल दंड भरून. संक्रांतीला येशील तेव्हा घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
पम्या