दोंडाईचाच्या पुढे भेटलेल्या त्या भाऊंना

भंगारात निघालेली पिकअप दीड वर्ष पै-पै करून उभी केली, ती सारंगखेड्याच्या यात्रेत घरची रसवंतीची ट्रॉली ओढून न्यायला. इंजिन, क्लच सगळं नवं. ट्रॉलीच्या बेअरिंगकडे मात्र बघितलंच नाही, माझाच शहाणपणा! दोंडाईचाच्या पुढे रात्री डावं चाक जाम झालं.

ट्रॅक्टरवाले भाऊ थांबले. हब (चाकाचा मधला भाग) खोललं, छिन्नीने जळकं बेअरिंग काढलं, घरून आपल्या ट्रॉलीचं आणून ग्रीस तळहातावर घेऊन बोटांनी दाबून भरलं. उजवं चाकही तपासलं. वहिनींनी पोरांना शेकोटीजवळ बसवून कळण्याची भाकरी दिली.

पैसे काढले तर "ऱ्हाऊ दे भाऊ." वर पाच-सहा किलोमीटर मोटरसायकलवर मागे आले, गाडी थांबवून हब तापलंय का ते पालथ्या हाताने चाचपलं, मग वळले. नाव विचारायचं राहिलं. भाऊ, वहिनी, मनापासून आभार. बेअरिंग परत करायचंय, आणि रस पाजायचाय.